रविवारचे बारा डबे, पोळ्यांच्या मावशी की रात्रीची अर्धी तयारी?

आठवड्याच्या स्वयंपाकाची कुठलीही योजना रविवारी छानच दिसते. ती पास की नापास, हे बुधवारी सकाळी साडेसहाला कळतं. धाकटीचा एक बूट सापडत नसतो, थोरल्याच्या डब्यात काय द्यायचं ते ठरलेलं नसतं आणि भुसावळची गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. मी जळगाव-भुसावळ अप-डाऊन करतो, बायको शाळेत शिकवते, पोरं सहा आणि तीन वर्षांची. दोन वर्षांत आम्ही वेगवेगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. इथे सगळ्यांना बुधवारचाच काटा लावतो.

रविवारी सगळं शिजवून ठेवणं

सुरुवात डिसेंबरात केली, म्हणून फसलो. थंडीत ही पद्धत राजासारखी चालते. रविवारी चार तास ओट्याशी उभं राहायचं. गंगाफळाची भाजी, मटकीची उसळ, वरण, दोन भाज्यांचं वाटण, सगळं काचेच्या बारा डब्यांत भरून फ्रिजमध्ये. बुधवारी सकाळी दहा मिनिटांत डबे तयार. अमळनेरहून आईचा फोन आला तेव्हा तिने विचारलंच, "आठ दिननं शिळं पोरेसले देस का रे?" मी हसण्यावारी नेलं.

एप्रिलमध्ये आईचं खरं झालं. रविवारी रात्री उसळ कोमट असतानाच झाकण लावून आत सरकवली, नंतर लाईट गेली, आणि आम्ही पाण्याच्या बाटल्यांसाठी फ्रिज चारदा उघडला. सोमवारी सकाळी चमचा उचलला तर उसळीला तार सुटलेली. चूक आमचीच होती. फ्रिज बंदच ठेवला तर लाईट गेल्यावरही साधारण चार तास आतला गारवा टिकतो.

पण मुख्य अडचण लाईटची नाही, हिशेबाची आहे. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं असा नियम आहे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-45 वर. स्वयंपाकघरात दुपारी ओट्यावर निवायला ठेवलेलं वरण निवतच नाही. त्याला एकच उपाय: परातीत गार पाणी आणि बर्फ घालायचा, त्यात पातेलं बसवायचं, वरण ढवळत राहायचं, मग उथळ डब्यात भरायचं. हे चार पदार्थांसाठी करून बघा, रविवार तिथेच संपतो.

शिवाय फ्रिज 5 अंशांच्या खाली नीट चालत असला तरी शिजवलेल्या भाजीचं आयुष्य तीन-चार दिवसांचंच. म्हणजे रविवारची भाजी बुधवारी जेमतेम पास, गुरुवारी-शुक्रवारी नापास. 'आठवड्याचा स्वयंपाक' हे नावच चुकीचं. भाताचं तर आणखी वेगळं आहे. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मुलांच्या डब्यात आदल्या दिवशीचा, बाहेर राहिलेला फोडणीचा भात आम्ही पूर्ण बंद केला.

आणि जीभ! एकच उसळ तिसऱ्यांदा समोर आली की धाकटी ताट सरकवून आजीच्या बोलीत सांगते, "माले नको."

तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घरात इन्व्हर्टर, फ्रिजला मोठा फ्रीझर आणि दोघांनाही रविवारची सुट्टी, एवढं जुळत असेल तर ही पद्धत खुशाल करा. फक्त रविवार आणि बुधवार असे दोन हप्ते पाडा.

पोळ्यांच्या मावशी, किंवा बाहेरचा डबा

वेळेच्या बाबतीत याला तोड नाही. मावशी आल्या की अर्ध्या तासात पोळ्या-भाजी. अडचण दोन ठिकाणी येते. एक, मावशींच्या घरी लग्नकार्य निघालं की आपला बुधवार उघडा पडतो. दोन, तिखट. खान्देशात भाजीचं कौतुक तर्रीवरून होतं. शेवभाजीची तर्री पाहून पाहुणे खूश होतात, तीन वर्षांचं पोर रडतं. "मुलांचं आधी काढून ठेवा, मग तिखट टाका" हे मावशींना रोज सांगावं लागतं, आणि पाचव्या दिवशी आपणच विसरतो. बाहेरच्या डब्यात तर तेवढंही सांगता येत नाही, आणि तेल-मिठावर आपला हात राहत नाही.

आम्ही मध्यम मार्ग काढला: मावशींकडून फक्त पोळ्या, भाजी घरची. खर्चही आवाक्यात राहिला.

पहाटे साडेचारला उठून सगळं ताजं करण्याबद्दल फार लिहीत नाही. चव सर्वांत चांगली, आणि आठव्या दिवशी नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात. बाजारच्या झटपट पाकिटांबद्दल त्याहून कमी: महिन्यातून एकदा ठीक, पण मागच्या बाजूला मीठ किती लिहिलंय ते वाचून घ्या.

कोरडं भरून ठेवणं आणि रात्रीची अर्धी तयारी

शेवटी आम्ही इथे टिकलो. यात शिजलेलं काही आठवडाभर ठेवायचं नाही. कोरडं पंधरा दिवसांचं, भिजवलेलं-निवडलेलं एक-दोन दिवसांचं, फोडणी रोजची. रात्री पोरं झोपल्यावर पंचवीस मिनिटं, सकाळी तीस.

कोरड्यात पहिला मान कळण्याच्या पिठाचा. आमच्या घरी चार वाट्या दादर ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि थोडं मीठ घालून दळतात. धान्य आणि डाळ एकत्र आली की दोघांतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी, तो उडदात असतो. पण मला त्यातलं दुसरंच आवडतं. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी चिरत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या चाळिशीत भाकरी शिकणाऱ्यालाही थापता येते. सकाळची दुपारीही मऊ राहते. तूप लावून, कुस्करून, वर वरण घातलं की धाकटीची वाटी रिकामी.

दुसरा, फुणके. तुरीची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी न घालता जाडसर वाटायची, त्यात लसूण, जिरं, हळद, कोथिंबीर आणि कांद्याची पात. इथेच वाटण दोन भागांत करायचं: मुलांच्या भागात मिरची नाही, आपल्यात हवी तेवढी. मुटके वळून चाळणीत वीसेक मिनिटं उकडायचे. मंगळवारी रात्री उकडले, निववून फ्रिजमध्ये ठेवले की बुधवारी सकाळी कुस्करून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि डबा झाला. संध्याकाळी उरलेले गरम कढीबरोबर. दोन दिवसांपुढे मात्र ठेवू नका.

बट्टीचंही तसंच. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, लांबट गोळे उकडून ठेवायचे. सकाळी कापून, तळण्याऐवजी चमचाभर तुपात तव्यावर परतायचे. तीन वर्षांच्या हातात तो तुकडा नीट बसतो, मांडीवर सांडत नाही. वरणाला कुकरच्या तीन शिट्ट्या.

बाकी बारीकसारीक तयारी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. एक वडी म्हणजे एका वेळची रस्साभाजी. पालेभाजी निवडून, न धुता सुती कापडात. हिवाळ्यात भरिताची वांगी एकदम भाजून गर काढून ठेवायचा, फोडणी सकाळी. आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, केळीलाही त्याच वर्षी. केळीवरून आठवलं: पाच वाजताच्या भुकेला केळं द्या, केळीचे वेफर्स नकोत. जळगावात राहून पोरांना केळं फक्त तळलेलं माहीत असावं, याची मला लाज वाटते.

या पद्धतीतही खोड्या आहेत. मे महिन्यात रात्री डाळ ओट्यावर भिजत ठेवली तर सकाळी वर फेस येतो, म्हणून ती फ्रिजमध्येच भिजवायची. आणि रोज रात्री पंचवीस मिनिटं म्हणजे रोज. एखाद्या रात्री दोघंही आडवे झालो की बुधवारी दशमी आणि दही. दुधात मळलेल्या दशम्या एक दिवस मुकाट्याने टिकतात, त्यांचा आधार मोठा.

उन्हाळी वाळवणाला मात्र मी यात धरत नाही, आईला राग आला तरी. बिबडे, कुरडया, पापड हे ताटाच्या कडेचे पदार्थ. त्यात मीठ आणि पापडखार, वर तळण. सांडग्यांची भाजी ठीक, तीही महिन्यातून एकदा.

मग कुणी काय निवडायचं

घरात आजी-आजोबा असतील तर रात्रीची तयारी डोळे झाकून. फुणके वळायला त्यांच्याइतका सराईत हात मिळणार नाही. दोघंच असाल आणि एकाची शिफ्ट असेल, तर पोळ्या मावशींकडून आणि डाळ-भाजीची तयारी आपली. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर बारा डब्यांचा नाद सोडाच. त्याला लागतं वाटीभर, ते आपल्याच कुकरमधून तिखट-मीठ घालण्याआधी काढता येतं. पाच वर्षांच्या आत शेंगदाणे अख्खे नकोत, घशात अडकतात; कूट घाला. आणि उसळ असो वा वरण, वर लिंबू पिळा, डाळीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. भारतात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे दोन रक्तक्षयाची निघाली, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, तेव्हा लिंबाचा कंटाळा करून चालणार नाही.

फ्रिज लहान असेल तर प्रश्नच मिटतो. पीठ आणि कोरड्या डाळीला फ्रिज लागत नाही.

या रविवारी एकच काम करायचं असेल तर दळण टाका. पंधरा दिवसांपुरतंच, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी तव्यावर जायच्या आधीच चिरते. गिरणीवाल्याला सांगून ठेवा, कळणा ज्वारीवरच दळ, गव्हावर नको.