तोफखान्याची सात मिनिटे : ‘कॉम्बॅट मिशन : बॅटल फॉर नॉर्मंडी’

बहुतेक संगणकीय वॉरगेममध्ये तोफखाना म्हणजे एक बटण असते. नकाशावर जागा दाखवायची, बटण दाबायचे आणि पुढच्याच क्षणी तिथे मातीचे लोट उठलेले पाहायचे. २०११ साली आलेल्या ‘कॉम्बॅट मिशन : बॅटल फॉर नॉर्मंडी’मध्ये असे होत नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही मी या खेळाकडे वळतो त्याचे पहिले कारण हेच आहे.

खेळ दुसऱ्या महायुद्धातला, १९४४ च्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला. चालींनी खेळताना एक चाल एका मिनिटाची असते : दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे, मग ते मिनिट डोळ्यांसमोर घडू द्यायचे, मध्ये हात घालता येत नाही. तोफांचा मारा मागवायचा, तर लक्ष्य प्रत्यक्ष दिसेल अशा जागी निरीक्षक बसलेला हवा. मागणी कोण करतो, तो किती अनुभवी आहे, तो कोणत्या सैन्यातला आहे आणि तोफा कोणत्या आहेत, यावर वाट पाहण्याचा काळ ठरतो. मुरलेल्या तोफखाना निरीक्षकाला जे काम काही मिनिटांत जमते, त्यालाच साध्या प्लाटूनच्या, म्हणजे छोट्या पायदळ तुकडीच्या, नायकाला कितीतरी अधिक वेळ लागतो. ती मिनिटे संपली तरी लगेच भडिमार सुरू होत नाही. आधी चाचणीचे एकेक गोळे पडतात, निरीक्षक ते पाहून दुरुस्ती सांगतो आणि गोळे लक्ष्याजवळ आले की मगच साऱ्या तोफा एकदम धडाडतात.

एका डावात मी निरीक्षकाला शेतावरच्या घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी बसवले. समोर दोन शेते, त्यांच्यामध्ये नॉर्मंडीतले ते उंच, मातीच्या बांधावर वाढलेले दाट कुंपण आणि पलीकडे एक जर्मन मशीनगन. १०५ मिलिमीटरच्या तोफांची मागणी केली आणि पडद्यावर सात मिनिटांचा आकडा आला. पाचव्या मिनिटाला मला राहवले नाही. एक तुकडी मी पुढच्या कुंपणापर्यंत सरकवली. चाचणीचा पहिला गोळा झाडांच्या रांगेमागे पडला, नुसता आवाज आला, धूर दिसला नाही. दुसराही तसाच. तिसरा दिसला, पण तो माझ्याच तुकडीच्या डाव्या हाताला, अगदी जवळ. तोवर मशीनगनवाले जागा सोडून गेले होते. जिथे ते आता नव्हते तिथे मारा सुरू झाला, आणि माझे सैनिक त्याच्या कडेला जमिनीला चिकटून पडले होते. चूक सर्वस्वी माझी होती. शत्रू आता कुठे आहे, एवढाच विचार मी केला. सात मिनिटांनी तो कुठे असेल, हा केला नव्हता.

हा उशीर खेळ लांबवण्यासाठी घातलेला नाही, त्यामागे खरा इतिहास आहे. अमेरिकी तोफखान्याने १९३० च्या दशकात फोर्ट सिल या आपल्या प्रशिक्षण तळावर गोळाबारीचे गणित एका केंद्रात करण्याची पद्धत विकसित केली, त्यामुळे एका निरीक्षकाच्या मागणीवर अनेक तोफखाने एकाच लक्ष्यावर वळवता येऊ लागले. ब्रिटिशांकडे पुढे बसलेला अधिकारी विनंती करीत नसे, हुकूम देत असे. ‘माइक टार्गेट’ असा पुकारा झाला की संपूर्ण रेजिमेंटच्या २४ तोफा त्या एका जागेकडे वळत. संघटनेतले असे फरक पुस्तकात वाचताना कोरडे वाटतात. इथे ते मिनिटांच्या रूपाने अंगावर येतात, कारण कमी-अधिक झालेल्या प्रत्येक मिनिटात आपली माणसे उघड्यावर असतात.

म्हणूनच आधी नोंदवून ठेवलेले लक्ष्यबिंदू मला या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटतात. ते डाव सुरू होण्यापूर्वी मांडायचे असतात. त्यांच्यावर मारा लवकर येतो आणि चाचणीचे गोळेही लागत नाहीत. बचाव करताना शत्रू ज्या वाटेने येईल, त्या वाटेवरच्या वळणावर असा एक बिंदू ठेवला की उशिराची अडचण बरीचशी सुटते. मात्र त्यासाठी ती वाट आधी नीट वाचावी लागते.

दोन गोष्टी खटकतात. वाट पाहण्याचा आकडा मागणी करतानाच समोर येतो, तेव्हा रेडिओवर नेमके काय चालले आहे याची जी धाकधूक खऱ्या निरीक्षकाला असेल ती इथे कमी होते. दुसरे म्हणजे दुरुस्ती निरीक्षक आपली आपण करतो. ‘आणखी ५० पुढे’ असे म्हणण्याचे काम माझ्याकडे आले असते तर मला अधिक आवडले असते. उखळी तोफांबद्दल मात्र तक्रार नाही. त्या नकाशावरच असतील आणि त्यांना लक्ष्य स्वतःला दिसत असेल, तर त्या झटपट मारा करतात.

खेळाचा खरा कस माणसासमोर बसल्यावर लागतो. ई-मेलने चाली पाठवून मित्राशी खेळताना चाचणीचा गोळा त्यालाही दिसतो. आणि माझ्या खंदकापासून ३० मीटरवर एकच गोळा पडून सारे शांत होते, तेव्हा जागा सोडून उघड्यावर धावायचे की आहे तिथेच दबून राहायचे, हे मला त्याच चालीत ठरवावे लागते.