अंगणातल्या सागवानी सामानाला काय लावावे: मेलामाइन, पीयू की तेल?

हर्णैच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परसातला जुना साग आडवा झाला. त्याचे लाकूड वर्षभर पडवीत सुकवून सुताराकडून एक टेबल, एक बाक आणि दोन खुर्च्या करून घेतल्या. हे सामान बारा महिने अंगणातच राहणार असल्याने प्रत्येक वस्तूला वेगळे पॉलिश लावले. चार पावसाळ्यांनंतर जे दिसले, ते लिहीत आहे.

टेबलाला सुताराच्या आग्रहावरून मेलामाइन लावले. पहिल्या दिवशी त्याच्याइतके देखणे दुसरे काही नव्हते, पण ते घरातल्या सामानासाठीचे पॉलिश आहे. त्याचा थर कडक आणि ठिसूळ असतो, आणि पावसात लाकूड फुगले की तो त्याच्याबरोबर ताणला जात नाही. गणपतीपर्यंत टेबलाच्या कडांना पांढरट पापुद्रे सुटले होते. नखाने एक पापुद्रा उचलला, तर खालचे लाकूड ओले आणि काळ्या ठिपक्यांनी भरलेले निघाले.

बाकाला बाहेरच्या वापराचे, हार्डनर मिसळून लावायचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, दिले. पीयू घेताना डब्यावर ‘एक्स्टेरियर’ लिहिले आहे ना, हे पाहावेच, कारण घरातल्या वापराचे बरेचसे पीयू उन्हाने पिवळे पडते. सागात मुळातच तेल असते, म्हणून पहिल्या हाताआधी लाकूड थिनरने पुसून घेतले. दोन पावसाळे बाक निर्धास्त राहिला. तिसऱ्या वर्षी मात्र पाठीच्या सांध्यांपाशी केसाएवढी चीर पडली, तीतून पाणी आत शिरले आणि वरच्या थरामुळे ते बाहेर पडू शकले नाही. सांध्याभोवती तळहाताएवढा काळा डाग पडला आहे. तेवढाच भाग दुरुस्त करू गेल्यास जोड उघड दिसतो, त्यामुळे सगळा बाक खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. पडवीतल्या झोपाळ्यासारख्या, थेट पाऊस न लागणाऱ्या वस्तूसाठी मी आजही पीयूच निवडेन.

खुर्च्यांना तेल लावले: एकीला साधे बेलतेल (म्हणजे उकळलेले जवसाचे तेल), दुसरीला बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे, बुरशीनाशक आणि थोडा रंग मिसळलेले तेल. निव्वळ बेलतेलावर बुरशी पोसते, हे आपल्याकडच्या दमट हवेत फार लवकर कळते. श्रावणातच ती खुर्ची काळवंडली. दुसरी खुर्ची चार वर्षे टिकली आहे. तेलातला रंग ऊन अडवतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन उन्हानेच झिजते आणि लाकूड राखाडी पडते. तेलाचा जाड थर बसत नाही, म्हणून सुटायलाही काही नाही. ते नुसते फिके पडते. पाण्याचा थेंब वर गोल उभा न राहता पसरून काळपट उमटू लागला, की पुन्हा हात द्यायची वेळ झाली असे समजावे. आमच्याकडे ही वेळ वर्षातून दोनदा येते, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, आणि एका खुर्चीला अर्धा तासही लागत नाही.

मात्र हे काम नेटकेपणाने करावे लागते. खाऱ्या वाऱ्याने लाकडावर मिठाचा थर बसतो आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवावे. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासावे. सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर तेल पातळ लावावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी न शोषलेले तेल पुसून काढावे, नाहीतर ते चिकट राहून त्यावर धूळ बसते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

पायांच्या तळांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच पिते. खुर्ची उलटी करून तळांना तीन-चार वेळा, शोषणे थांबेपर्यंत तेल द्यावे आणि पाय मातीत न ठेवता चिऱ्यावर ठेवावेत. स्क्रू पितळी घ्यावेत, कारण लोखंडी स्क्रूभोवती सागावर काळे डाग उमटतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत.

दिवाळीनंतर आमचा बाक खरवडून त्यालाही तेलच देणार आहोत.