खोक्यावर 1050 टीआय, आत 2011 ची चिप: ग्राफिक्स कार्डात 11,100 रुपयांना बुडालो

ज्यांनी नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलंय आणि तरी गेम अडकत चालतोय, त्यांनी सेटिंग खाली-वर करत बसण्याआधी कार्ड खरं आहे का ते तपासा. आम्ही ते सगळ्यात शेवटी तपासलं, तोवर दुकानदाराने आणखी 4,300 रुपये काढून घेतले होते.

हे कार्ड कुठल्या अनोळखी माणसाकडून जाहिरात बघून घेतलेलं नाही. जिल्ह्याच्या बाजारपेठेतलं पाटी लावलेलं दुकान, सील असलेलं खोकं, एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1050 टीआय 4 जीबी, 6,800 रुपये. 'जुना स्टॉक आहे, म्हणून या भावात,' असं सांगितलं. शेजारच्या दुकानात वापरलेल्या 1050 टीआयचे 6,500 सांगत होते, त्यामुळे भावावरून संशय येण्यासारखं काहीच नव्हतं. पैसे बहुतेक धाकट्या भावाचे, शिकवण्या घेऊन साठवलेले.

खऱ्या 1050 टीआयवर जीटीए 5 हा गेम 1080पीला (1920 बाय 1080 पिक्सेल) सेकंदाला 60 फ्रेमच्या आसपास चालतो. आमच्याकडे 1600 बाय 900 च्या जुन्या मॉनिटरवर 22 ते 24, आणि शहरात गाडी पळवली की 15.

दुकानदाराला फोन केला. 'दादा, तुमचा एसएमपीएस लोकल आहे, कार्डाला पॉवर पुरत नाही.' नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, 2,350. फ्रेम तेवढेच. मग 'रॅमची एकच स्टिक आहे, ड्युअल चॅनल करा.' दुसरी स्टिक, 1,450. मग 'विंडोज करप्ट दिसतंय.' सीपीयू दुकानात नेऊन दिला, फॉरमॅटचे 500. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. एका स्टिकवर फ्रेम पडतात, हलक्या एसएमपीएसवर पीसी बंद पडतो, हे गेम खेळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हणूनच त्याला ती कारणं सापडली. 1050 टीआय हे 75 वॉटचं कार्ड, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच त्याला पुरेशी वीज मिळते. आमच्या कार्डाला 6 पिनची वायर लागत होती, त्यावर 'ओसी मॉडेल आहे', म्हणजे वेग वाढवलेलं, हे उत्तर तयार होतं. काही ओसी मॉडेलना ती खरोखर असते, म्हणून तेही पटलं.

पण त्या कार्डाच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट होता. हे आठवलं की अजून डोकं फिरतं. आमच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे, म्हणून कन्व्हर्टर लागेल का असं मी काउंटरवर स्वतः विचारलं होतं. त्याने खोकं फोडून पोर्ट दाखवला, 'हे बघा, डायरेक्ट लागतंय, तुमचा कन्व्हर्टरचा खर्च वाचला.' 1050 टीआयच्या पास्कल चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. डीव्हीआय-डी, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट हे डिजिटल पोर्ट, बस. म्हणजे कार्ड खोटं असल्याचा पुरावा त्याने आमच्या हातात दिला आणि सोय म्हणून दिला. गिऱ्हाइकाने चिपचं नाव पाठ करून दुकानात जायचं का? मी विचारलं होतं, आणि त्याने मला समोरासमोर खोटं सांगितलं.

दुसरी चलाखी ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. 'सीडीतलाच टाका, साइटवरचा टाकलात तर वॉरंटी जाईल.' असं कुणी म्हणालं तर कार्ड तिथेच ठेवून बाहेर पडा. भावाने शेवटी एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्टनंतर स्क्रीन काळा. तेव्हा त्याने जीपीयू-झेड चालवलं. कार्डाची माहिती दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, 2018 मधल्या 2.12 आवृत्तीपासून बनावट एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी 'फेक' असा शिक्का दाखवतं. आमच्या कार्डावर तो आला. खाली चिप जीएफ116, म्हणजे 2011 ची, शेडर (चिपमधले चित्र काढणारे छोटे भाग) 192, 40 नॅनोमीटर तंत्राची. असायला हवं होतं जीपी107, 768, 14. भंगारातल्या गाडीला नवी नंबरप्लेट ठोकावी तसं बायोस (कार्डातलंच मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव चढवलेलं. विंडोज तेच नाव वाचतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरवर विसंबू नका.

दुकानदार म्हणाला, 'तुम्हीच कार्ड बदलून आणलंय.' वॉरंटीच्या कागदावर सीरियल नंबर नाही, बिलावर नुसतं 'ग्राफिक कार्ड 4 जीबी'.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने कार्ड हातातही घेतलं नाही. 'गेम खेळायचं सामान ना? दुकानदाराशी मिटवून घ्या.' चीटिंग आहे म्हटलं, तर 'हे दिवाणी आहे.' खोटं नाव लावून माल विकणं दिवाणी कसं? साधी पोच मागितली, तर साहेब बंदोबस्तावर. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर व्यवहार झालाय, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, कॉम्प्युटरचं आहे, सायबरकडे जा. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला. प्रत्येकाकडे दुसऱ्याचा पत्ता तयार. एकानेही जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट नीट पाहिला नाही. एसटीचं भाडं आमचं, बुडालेला दिवस आमचा, आणि घरी वडिलांची बोलणी भावाला, 'खेळापायी पैसे घालवलेस.' त्याने गेमवर पैसे उडवले असते तर समजलो असतो. त्याला लुबाडलंय.

घेणाऱ्यांनी दुकानातच पीसीवर कार्ड लावून जीपीयू-झेड बघा, आपल्या पेनड्राइव्हवरून. बिलावर पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय यूपीआयचा पिन टाकू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, दुकानदार चिडला तर चिडू दे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालतोय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. दुकानदाराने परवा निरोप पाठवला, 4,000 घ्या आणि विषय संपवा. नाही. कार्डाचे 6,800, एसएमपीएसचे 2,350, रॅमचे 1,450 आणि फॉरमॅटचे 500, सगळे हवेत.