४० कार्डांचा आर्ट प्रोजेक्ट बॉक्स: तिसरीच्या वर्गात वर्षभर वापरून काय वाटलं

गेल्या वर्षी शाळा सुरू होताना माझ्या तिसरीच्या वर्गासाठी एक आर्ट प्रोजेक्ट बॉक्स घेतला, म्हणजे ते तयार किट असतं ना, कार्डांवर एकेक प्रोजेक्ट आणि सोबत सगळं सामान, ते. आता वर्ष संपलंय, बॉक्स जवळजवळ रिकामा झालाय, तेव्हा म्हटलं नीट लिहूया, कारण मी घेण्याआधी शोधत होते तेव्हा सगळीकडे "मुलांना खूप आवडलं" एवढंच लिहिलेलं सापडायचं आणि त्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही. मी चित्रकलेची शिक्षिका नाही, वर्गशिक्षिका आहे, ३२ मुलं, आठवड्याला चित्रकलेचा एक तास आणि तास म्हणजे ४० मिनिटं. त्यातली शेवटची ८-१० मिनिटं आवराआवरीत जातात, ती धरूनच चाला. कंपनीचं नाव देत नाहीये, या धर्तीचे बॉक्स बरेच निघालेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

बॉक्समध्ये काय आलं ते आधी सांगते. ४० कार्डं, पुढे तयार प्रोजेक्टचा मोठा फोटो, मागे पायऱ्या. तेलखडू, वॉटरकलरच्या वड्या, ब्रश, कागदांचा गठ्ठा, फोमच्या शीट, छपाईची शाई, दोन रोलर, लोकर, पांढरा गोंद, कात्र्या. पॅकिंग छान, प्रत्येक सामान वेगळ्या पिशवीत, त्यावर कार्डांचे नंबर, हे मला फार आवडलं कारण सकाळी घाईत पिशवी उचलली की काम झालं.

आता मुद्द्याचं. ४० पैकी १४ कार्डं मी डोळे मिटून रेकमेंड करीन, दहाएक ठीकठाक आणि उरलेली माझ्या मते वर्गात आणूच नयेत. हे मी कशावरून ठरवलं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात आम्ही पहिलं कार्ड केलं, घुबड. आकार छापलेला, मुलांनी कापायचा, खुणा केल्यात तिथे डोळे आणि पंख चिकटवायचे, झालं. पटापट झालं, सगळ्यांचं छान झालं, बोर्डावर ३२ घुबडं लावली, दिसायलाही सुंदर दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी बोर्डासमोर कितीतरी वेळ उभी होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माझं कुठलंय?" मलाही सांगता येईना. पिना काढून एकेकाच्या मागचं नाव बघत बसलो आम्ही दोघी, तिचं अकरावं निघालं. त्या दिवसापासून माझी एकच कसोटी आहे, बोर्डावर लावल्यावर नाव न वाचता मुलाला आपलं काम ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर ते हस्तकौशल्य असेल, कात्री धरायचा सराव असेल, त्यालाही किंमत आहे, पण त्याला आर्ट प्रोजेक्ट म्हणून विकू नका.

या कसोटीत पहिला नंबर तेलखडू आणि पातळ वॉटरकलरचा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या तेलखडूने चित्र काढायचं आणि वरून रंगाचा हात फिरवायचा. तेलखडूत मेण आणि तेल असतं, त्यावर पाणी टिकत नाही, रंग बाजूला सरकतो आणि रेघ पांढरी उघडी राहते. ऐकायला साधं वाटतं पण वर्गात ते होताना बघायला हवं. माझ्या वर्गातला एक मुलगा, चित्रकलेचा तास म्हटला की मान खाली घालणारा, तो काढता काढता म्हणाला, "बाई, यात काहीच दिसत नाहीये." म्हटलं थांब जरा, काढत राहा. मग रुंद ब्रशने निळा फिरवला आणि त्याचा तिरका तिरका पाऊस वरून खाली उमटत गेला, सरी, डबकं, सगळं. फक्त छत्री आली नाही, ती त्याने हलक्या हाताने काढली होती. त्याने लगेच दुसरा कागद मागून घेतला आणि यावेळी इतका दाबून काढला की खडूचे दोन तुकडे झाले. छत्री आली.

पण इथे कार्डात चूक आहे आणि ती वापरणाऱ्याला महागात पडते. कार्ड म्हणतं "कोणताही रंग वापरा". नाही, कोणताही नाही चालत. पोस्टर कलर दाट लावला तर तो मेणावरूनही सरळ झाकून टाकतो, आमच्या पहिल्या गटातल्या सहा मुलांची चित्रं अशी झाकली गेली आणि त्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंग अगदी पातळ हवा, कागदावर ओघळ येईल इतका, आणि खडू आधी, रंग नंतर. एवढं एक वाक्य कार्डावर हवं होतं.

कागदाबद्दल तर मी खरंच नाराज आहे. सोबत आलेला कागद झेरॉक्सच्या कागदापेक्षा जेमतेम जाड. झेरॉक्सचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका मोठा तितका कागद सहसा जाड), त्यावर पाणी पडलं की कागद फुगतो, वर येतो, आणि मुलं ब्रश दोनदा जास्त घासतात तेव्हा त्याचे बारीक गोळे निघायला लागतात. ओल्या रंगकामाला निदान १८०-२०० जीएसएम हवाच, मी शेवटी जाड कार्डशीट आणून चार चार तुकडे केले, लहान कागद पण जाड, हा सौदा मला केव्हाही परवडतो. बॉक्सचा कागद मग कोलाज आणि घडीकामाला वापरून टाकला.

रंगांचंही एक सांगायचंय. रंग मिसळण्याचं कार्ड आहे, तीन रंगांतून बाकी सगळे बनवा. हिरवा झाला, केशरी झाला, जांभळा मात्र प्रत्येकाचा चॉकलेटी. मुलांना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, पुन्हा पुन्हा करून बघत होती बिचारी. त्यांचं काही चुकत नव्हतं, वडीतला लाल केशरीकडे झुकणारा होता, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश आलाच, त्यात निळा घातला की तिन्ही मूळ रंग एकत्र आले आणि तपकिरी झाला. स्वच्छ जांभळा हवा असेल तर लालऐवजी मजेंटा, म्हणजे गुलाबीकडे झुकणारा लाल, लागतो. मी पुढच्या आठवड्यात मजेंटाची एक बाटली आणली, दोन्ही लाल शेजारी शेजारी ठेवून करायला सांगितलं, आणि तो तास वर्षातला सगळ्यात चांगल्या तासांपैकी एक झाला. कंपनीला हे कळवलं होतं, उत्तर आलं की सूचनेबद्दल आभारी आहोत, बस्स.

फोमवरची छपाई मात्र पूर्ण मार्क. पेन्सिलीने फोमच्या शीटवर दाबून चित्र काढायचं, रोलरने शाई लावायची, कागद ठेवून हाताने घासायचं आणि उचलायचा. पेन्सिलीने दाबलेली जागा खाली जाते, तिथे शाई लागत नाही, म्हणून रेघ कागदाच्या रंगाची राहते. नाव लिहिलं की उलटं छापलं जातं, आणि हे मी आधी सांगितलंच नाही, होऊ दिलं. मग मुलांनीच शोधून काढलं की कागदावर नाव लिहून खिडकीच्या काचेला उलटा लावायचा आणि मागून दिसतं तसं फोमवर काढायचं. शाई किती लावायची हा सगळ्यांचा प्रॉब्लेम असतो, जास्त झाली की रेघांत भरते आणि चित्र बुजतं. त्यावर उपाय म्हणजे कान. ट्रेमध्ये रोलर फिरवताना बारीक चरचर असा चिकट आवाज आला की शाई बरोबर, पचपच आवाज आला की जास्त. मुलं या आवाजावर इतकी खूश की रोलर दुसऱ्याच्या हातात असला तरी कान लावून "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहायची. दोन रोलर ३२ मुलांना फार कमी पडतात पण, चार तरी हवेत, नाहीतर अर्धा वर्ग रांगेत उभा.

पुठ्ठ्यावरचं विणकाम हे एका तासाचं काम नाही, आमचे पाच तास गेले, तरी मी ते दरवर्षी करणार. पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा, त्यात उभा धागा ताणून, मग लोकर एकाखालून एकावरून. सगळ्यांचं एकच होतं, मधे कंबर बारीक होत जाते, कारण मुलं प्रत्येक फेरीला लोकर ओढून घट्ट करतात. कार्ड म्हणतं "सैल ठेवा", पण आठ वर्षांच्या मुलाला सैल म्हणजे किती ते कसं कळणार. मी त्यांना आडवा धागा सरळ न टाकता कमानीसारखा टाकायला सांगितला, डोंगर काढायचा आणि मग बोटांनी तो खाली बसवायचा. डोंगर म्हटलं की लगेच कळलं आणि कडा सरळ आल्या.

मातीस या फ्रेंच चित्रकाराचं एक कार्ड आहे, ते मात्र मला पटलं नाही. १९४१ मधल्या मोठ्या ऑपरेशननंतर मातीसचं बरंचसं आयुष्य व्हीलचेअरवर आणि बिछान्यात गेलं, सहकारी कागद रंगवून द्यायचे आणि तो कात्रीने थेट रंगातच आकार कापायचा. त्याच्या त्या कामाचा जीव या थेट कापण्यात आहे. आणि कार्डाची पहिली पायरी काय, तर "पेन्सिलीने पान काढून घ्या". मी पेन्सिली दप्तरात ठेवायला लावल्या. पहिल्या तासाला नुसते कागद रंगवले, दुसऱ्या तासाला कापले, सुरुवातीला मुलं घाबरली, कात्री हवेत धरून बसली होती, पण एकदा सुटल्यावर असे काही आकार आले की पेन्सिलीने ते कधीच आले नसते. कँडिन्स्की या रशियन चित्रकाराच्या वर्तुळांचं कार्ड उलट फार छान लिहिलंय. १९१३ चं ते काम, १२ चौकोन आणि प्रत्येकात वर्तुळात वर्तुळ, आकाराने ए-फोर कागदापेक्षा जरासंच मोठं, आणि त्याने ते रंगांचा अभ्यास म्हणून केलं होतं, हे कार्डावर सांगितलंय, त्यामुळे मुलंही कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसतो तेच बघत बसली, गोल नीट येतोय का याची काळजी कोणी केली नाही.

एक मोठी तक्रार वयाची. बॉक्सवर लिहिलंय ६ ते ११ वर्षं, सगळी कार्डं सगळ्यांना. त्यात दूर जाणाऱ्या रस्त्याचं कार्ड आहे, पर्स्पेक्टिव्हचं. सात-आठ वर्षांची मुलं जमिनीची एक रेघ काढतात आणि घर, झाड, माणूस सगळं त्या रेघेवर उभं करतात, ही त्यांची चूक नसते, त्या वयाची चित्र काढायची रीतच तशी असते. त्यांना रस्ता निमुळता करायला लावलं की ती तुमचं बघून करतात, समजत काहीच नाही. पाचवीला द्या ते कार्ड, तिथे मुलं स्वतःहून विचारतात की माझा रस्ता आडवा का झोपत नाही.

आणि कात्र्या. १६ कात्र्या, एकही डावखुऱ्यांची नाही. साधारण दहातलं एक मूल डावखुरं असतं, माझ्या वर्गात तीन आहेत. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात, कागद कापायच्या ऐवजी मधे दुमडतो, शिवाय वरचं पातं रेघ झाकतं. त्यातल्या एकीला दोन वर्षं सगळे सांगत होते की तुला कापता येत नाही. डावखुरी कात्री आणून दिली, पहिला कागद कापून झाल्यावर ती काही बोललीच नाही, नुसती आणखी कागद घेऊन कापत सुटली.

घ्यावा का? चित्रकलेचे वेगळे शिक्षक नसतील आणि तुम्हाला स्वतःला सुरुवात कुठून करायची ते समजत नसेल तर घ्या, सामानाची जुळवाजुळव वाचते. जाड कागद, मजेंटा, दोन जास्तीचे रोलर आणि डावखुऱ्या कात्र्या यांची तयारी आधीच ठेवा. आणि कार्डाच्या पुढचा फोटो मुलांना दाखवू नका, मी प्रत्येक फोटोवर कोरा कागद चिकटवलाय, कारण फोटो दिसला की ३२ जण तोच करायला बसतात. यावर्षी पूर्ण बॉक्स घेत नाहीये, फोम, शाई आणि लोकर तेवढी वेगळी मागवलीये, आणि ती १४ कार्डं रबर लावून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलीत.