‘अल्बिनो ड्वार्फ’ या नावाखाली मी कसा फसलो

गेली अकरा वर्षे मी घरी मासे पाळतो आहे, त्यामुळे नवशिका होता म्हणून फसला, असे कोणी म्हणू नये. तरीही फसलो हे खरे, आणि ते लिहिताना लाज वाटते. नाशिकमध्ये कॉलेज रोडजवळच्या एका दुकानातून मी आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग (कायम छोटाच राहणारा, पाण्यातला बेडूक) म्हणून पांढऱ्या बेडकांची जोडी २,४०० रुपयांना घेतली. करड्या जोडीचा दर ९०० होता. ‘अल्बिनो दुर्मीळ असतात’ या एका वाक्यावर मी वरचे १,५०० रुपये खुशीने मोजले. घरी आली ती आफ्रिकन क्लॉड फ्रॉगची, म्हणजे झेनोपस लेव्हिसची पिल्ले.

कळायला हवे होते तो क्षण अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पिशवी हातात आली तेव्हा एका बेडकाने पुढचे पाय प्लास्टिकला टेकवून बोटे फाकवली आणि माझी मुलगी म्हणाली, “बाबा, याची बोटं सुटी आहेत, आपल्यासारखी!” ड्वार्फच्या चारही पायांना पडदे असतात, क्लॉडच्या फक्त मागच्या पायांना, हे मला पाठ होते. पण पैसे यूपीआयने गेले होते, दुकानात निळा दिवा होता, आणि जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या पिल्लाचा तो पातळ पडदा असला काय नि नसला काय, सहज दिसत नाही, अशी मी माझीच समजूत घातली. पांढरा रंग पाहूनच मागे फिरायला हवे होते. बाजारात पांढरा ‘ड्वार्फ’ दाखवला, तर तो झेनोपसच समजावा. काळ्या नखांवरून ओळखू पाहू नका, मागच्या पायांना ती दोघांनाही असतात. डोळे पाहा: क्लॉडचे डोक्यावर, आकाशाकडे रोखलेले, ड्वार्फचे बाजूंना.

साडेचार महिन्यांत ती सात सेंटीमीटरची झाली. जीभ नसलेला हा प्राणी पुढच्या पायांनी भक्ष्य तोंडात कोंबतो, हे मी १६ निऑन टेट्रा (७२० रुपये) आणि ६ गप्पी (३०० रुपये) हे मासे गमावून पाहिले. वेगळ्या टाकीला ४,१५० रुपये लागले. एकूण ७,५७० रुपये.

दुकानदार म्हणाला, “बेडूक मोठा झाला, यात माझा काय दोष?” पोलीस चौकीत विचारले गेले, “बेडूक जिवंत आहेत ना? मग तक्रार कसली?” एका कार्यालयाने वन्यजीव नाही म्हणून हात झटकले, दुसऱ्याने इथे फक्त गुरेढोरे पाहतो म्हणून, आणि तिसऱ्या कार्यालयातील साहेबांनी तर चहा पिता पिता “गोदावरीत सोडून द्या” असा सल्ला दिला. हाच बेडूक सोडला गेल्याने कॅलिफोर्निया, चिली आणि फ्रान्समध्ये रानोमाळ पसरला आहे, तो उभयचरांना मारणारी बुरशीही वाहून नेऊ शकतो, हे मी सांगू लागलो तेव्हा साहेबांनी फाईल उघडली. कृपया कोणीही असे सोडू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण माझ्याकडे पावती नव्हती. ‘उद्या देतो’ हे ऐकून निघालो होतो. जातीचे नाव लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे बेडूक पंधरा वर्षे सहज जगतात, म्हणजे मुलगी कॉलेजात जाईपर्यंत ते आमच्याकडेच. परवा त्या दुकानावरून गेलो. काचेवर पाटी तीच आहे, ‘अल्बिनो ड्वार्फ, जोडी’. दर मात्र आता २,६०० रुपये.