ए३२०च्या कॉकपिटचं दार : कुलूप चोख, पण कडी आतून

११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं गोळीलाही दाद देणार नाहीत अशी झाली. एअरबस ए३२०चं दार त्यातलंच. बाहेर कीपॅड, आत दोन वैमानिकांच्या मधल्या पॅनेलवर तीन जागांचा खटका : अनलॉक, नॉर्म (नेहमीची स्थिती), लॉक. बाहेरून नेहमीची विनंती केली की आत सेकंदभर बझर वाजतो. आतल्याने खटका अनलॉकवर धरला की दार ढकलायचं. आतले बेशुद्ध असतील तर तातडीचा कोड. बझर १५ सेकंद वाजतो, कुणी काहीच केलं नाही तर हिरवा दिवा लुकलुकतो आणि कुलूप ५ सेकंद सुटतं. तेवढ्यात ढकललं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली तर ते आपोआप सुटतं. इथवर पैकीच्या पैकी.

खटका लॉकवर नेला की मात्र लाल दिवा लागतो आणि कीपॅड ५ मिनिटं मुका होतो, तातडीच्या कोडलाही. हे मुद्दामच तसं आहे, कारण केबिन क्रूच्या गळ्याला सुरी लावून कोड वदवून घेता येतो.

२४ मार्च २०१५ला जर्मनविंग्जच्या बार्सिलोना-ड्युसेलडॉर्फ विमानात सुरीवाला बाहेर नव्हताच. कॅप्टन बाहेर पडताच सहवैमानिकाने ऑटोपायलटची उंची ३८,००० वरून १०० फुटांवर लावली. त्याच सकाळी येतानाच्या फेरीतही, कॅप्टन बाहेर असताना, त्याने हा आकडा लावून पाहिला होता. रेकॉर्डरवर बझर एकदाच ऐकू येतो, पुढे इंटरकॉम, मग दारावरचे घाव. दहा मिनिटांत आल्प्समध्ये १५० जण गेले. दार हललं नाही.

फ्रेंच तपास संस्थेने दार बदलायला सांगितलं नाही, आणि ते योग्यच. बाहेरच्यांना अडवणारं आणि आतल्यालाही अडवणारं एकच कुलूप बनत नाही. खरी गळती वैद्यकीय बाजूला होती. २००९पासून सहवैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नैराश्याचा शेरा होता; अपघाताच्या दोनच आठवडे आधी एका डॉक्टरने मनोरुग्णालयात उपचार सुचवले होते. विमान कंपनीला या सल्ल्याचा पत्ता नव्हता. त्याच्या डोक्यावर प्रशिक्षणाचं सुमारे ४१ हजार युरो कर्ज, परवाना गेला तर नोकरी खलास. अशाने कोण तोंड उघडेल?

कॉकपिटमध्ये कायम दोघं हवेत, ही सूचना युरोपात लगेच आली, २०१६मध्ये सैल झाली. वैमानिकाला सहकाऱ्याकडे मोकळं होता येईल अशी मदत-व्यवस्था तिथे फेब्रुवारी २०२१पासून सक्तीची आहे. ती तपासताना एकच पाहा : आजारपणामुळे उड्डाण थांबलेल्या वैमानिकाचा पगार चालू राहतो का.