ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टर: आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरात नाशिकची थंडी पडली आणि गाडीचा हीटर कोमटच वारा फेकायला लागला. मायलेज सतराचं तेरावर, वर चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, इंजिन थंड राहतंय, चांगलंच आहे की!" माझ्या गाडीत टेम्परेचरचा काटा नाही, इंजिन गार असल्याचा नुसता निळा दिवा. शेवटी हे अ‍ॅडॉप्टर मागवलं. गाडीच्या ओबीडी सॉकेटात खोचलं की ते गाडीतल्या कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवतं.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचलं, पिन १२३४ टाकला, कोड आला पी०१२८. म्हणजे कूलंट (इंजिनभोवती फिरणारं पाणी) हवं तेवढं तापत नाहीये. आता सेन्सर खोटं बोलतोय की इंजिन खरंच थंड? रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त इग्निशन ऑन करून पाहिलं: कूलंट १३, आत येणारी हवा १४. दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे सेन्सर ठीक. (वायर तुटली की बहुतेक वेळा थेट उणे ४० दिसतं.) मग इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. इंजिन तापेपर्यंत तो गार राहायला हवा. इथे दोन मिनिटांत कोमट. सिग्नलला आकडा ८० पर्यंत चढायचा, हायवेला लागलं की ६२. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलाय, असं मी धरून चाललो.

हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही! मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजात फॅनचं काम करून घेतलं होतं. "परत तापायला नको" म्हणून त्यांनी तो काढून टाकला, सांगितलं मात्र नाही. इंजिन थंड म्हटल्यावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडणारच.

नवीन आणला, त्यावर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडला. ऐंशीच्या पुढे झडप हळूच सरकली, तेव्हा बायकोही ओट्यापाशी बघत उभी होती. आता हायवेला ८८ ते ९२, मायलेज साडेसोळा.

तक्रारी आहेतच. ब्लूटूथ मध्येच तुटतं. खोचून ठेवलं तर बॅटरी खातं. गावाहून चार दिवसांनी आलो तर स्टार्टर नुसता टकटक. आणि कोड वाचून थेट पार्ट बदलू नका, मी सेन्सर मागवता मागवता थांबलो. दुरुस्तीनंतर कोड पुसला, पण अ‍ॅडॉप्टर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय. घाट चढताना अजून लावतो.